‘सर, पानी कितलं टाकू?’ : मोल आणि मोलॅरिटीवरून द्रावणाचं आकारमान काढायची रीत

बारावीच्या प्रॅक्टिकलला हा प्रश्न दरवर्षी ऐकू येतो. ऑक्झॅलिक आम्ल वॉच ग्लासवर तोलून झालेलं असतं, हातात पाण्याची वॉश बॉटल असते, आणि अमळनेर-पारोळ्याकडचा एखादा मुलगा मान वर करून विचारतो, ‘सर, पानी कितलं टाकू?’ मी त्याला त्याची वही उघडायला लावतो. त्याने लिहिलेल्या सूत्रात मोल आहेत, मोलॅरिटी आहे, आकारमान आहे. पाणी कुठेच नाही. सूत्रातलं आकारमान हे पाण्याचं नसतं, तयार झालेल्या पूर्ण द्रावणाचं असतं. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचं गणित पाचवी-सहावीच्या भागाकाराइतकंच उरतं. ती बसली नाही, तर गणित बरोबर येऊनही बाटलीतलं द्रावण चुकीचं होतं.

घरी करून पाहता येईल असा एक प्रयोग आधी सांगतो. एक मोल साखर म्हणजे ३४२ ग्रॅम. एवढी साखर लिटरभर पाण्यात विरघळवली तर पातेल्यात एक लिटर पाक राहत नाही, साधारण सव्वा लिटरच्या थोडा खाली, १.२ लिटरच्या आसपास भरतो. कारण साखरही जागा घेते. म्हणजे ते द्रावण १ मोलर (लिटरभर द्रावणात एक मोल) झालंच नाही, ०.८३ मोलरच्या जवळ राहिलं. खरोखर १ मोलर हवं असेल तर पाणी ७९० मिलीच्या आसपासच लागतं. मिठाच्या बाबतीत हा फरक लहान असतो. १ मोलर मिठाच्या लिटरभर द्रावणात पाणी सुमारे ९८० मिली असतं. पण लहान असला तरी तो दोन टक्के आहे, आणि टायट्रेशनमध्ये (एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबाने सोडून त्याचं प्रमाण काढायच्या प्रयोगात) दोन टक्के म्हणजे २५ मिलीत अर्धा मिली. ब्युरेटवर, म्हणजे द्रावण सोडायच्या खुणा असलेल्या नळीवर, तो स्पष्ट दिसतो. म्हणून प्रयोगशाळेत पाणी मोजून ओतत नाहीत. पदार्थ आधी विरघळवतात आणि मग खुणेपर्यंत पाणी घालून आकारमान पुरं करतात.

मोल म्हणजे मोजणी

सावदा-रावेरकडची केळी बाजारात क्विंटलने जाते. ट्रकमधली केळी कोणी एकेक करून मोजत नाही. वजन करायचं, आणि हव्या असतील तर नग वजनावरून काढायचे. रसायनशास्त्रात अणू-रेणूंचंही तसंच आहे. ते मोजता येत नाहीत, तोलता येतात. एक मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. २० मे २०१९ पासून हा आकडा ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात असा नेमका ठरवलेला आहे. आपल्या गणितात तो वापरायची वेळ क्वचित येते. आपल्याला लागतं ते एका मोलचं वजन, म्हणजे मोलर वस्तुमान. सोडियम हायड्रॉक्साइडचं ४० ग्रॅम, मिठाचं ५८.४४, युरियाचं ६०.०६, पोटॅशियम परमँगनेटचं १५८.०३.

मोलॅरिटी म्हणजे एका लिटर द्रावणात किती मोल द्राव्य आहे तो आकडा. ‘लिटर द्रावणात’ हे दोन शब्द वहीत अधोरेखित करून ठेवा. ०.५ मोलर म्हणजे एका लिटरमध्ये अर्धा मोल. यापुढे सगळं त्रैराशिक आहे. एका लिटरमध्ये अर्धा मोल, तर ०.१ मोलसाठी किती लिटर? ०.१ भागिले ०.५, म्हणजे ०.२ लिटर. सूत्र म्हणून लिहायचं तर:

आकारमान (लिटर) = मोल ÷ मोलॅरिटी

वर्गात मुलं याचा त्रिकोण काढतात. वर मोल, खाली मोलॅरिटी आणि आकारमान. जे हवं त्यावर बोट ठेवायचं, उरलेलं वाचायचं. त्रिकोणाला माझी हरकत नाही, पण परीक्षेच्या घाईत त्रिकोण उलटा निघतो. त्रैराशिक उलटं निघत नाही, कारण त्याच्या प्रत्येक ओळीला अर्थ असतो. एककंही तीच साक्ष देतात. मोलला ‘मोल प्रति लिटर’ने भागलं की मोल जातात, लिटर उरतात. चुकून गुणाकार केला, तर उरतं ‘मोल गुणिले मोल प्रति लिटर’, आणि अशा एककात कुठलंही आकारमान मोजत नाहीत. एककं लिहीत गेलात तर चूक कागदावरच पकडली जाते.

गणित सोडवताना काय, कशाच्या मागून

आधी प्रश्न नीट वाचून ठरवा की विचारलेलं आकारमान कुठल्या द्रावणाचं आहे. बाटलीतल्या तीव्र द्रावणाचं, नवीन करायच्या सौम्य द्रावणाचं, की ब्युरेटमधून पडणाऱ्या द्रावणाचं? अर्ध्या चुका इथेच होतात.

मग दिलेलं सगळं मोलमध्ये आणा. ग्रॅम दिले असतील तर मोलर वस्तुमानाने भागा. मिलीमोल दिले असतील तर १००० ने भागा, किंवा तसेच ठेवा, त्याचा फायदा पुढे सांगतो. थेट मोल दिले असतील तर काही करायचं नाही.

नंतर मोलॅरिटीने भागा. उत्तर लिटरमध्ये येतं. मिली हवे असतील तर १००० ने गुणा.

शेवटी उत्तर डोळ्यांखालून घाला. मोलॅरिटी १ पेक्षा कमी असेल, तर लिटरचा आकडा मोलच्या आकड्यापेक्षा मोठा यायलाच हवा. मोलॅरिटी १ पेक्षा जास्त असेल तर लहान. तसं झालं नसेल तर गुणाकार-भागाकाराची अदलाबदल झालेली आहे.

अगदी सोपं उदाहरण. ०.१५ मोल मीठ हवं आहे आणि बाटलीत ०.६ मोलर द्रावण आहे. ०.१५ ÷ ०.६ = ०.२५ लिटर, म्हणजे २५० मिली. पडताळा: लिटरमध्ये ०.६, अर्ध्या लिटरमध्ये ०.३, पाव लिटरमध्ये ०.१५. जुळलं.

आता ग्रॅमवरून. ५ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइडपासून ०.५ मोलर द्रावण किती होईल? ५ ÷ ४० = ०.१२५ मोल. ०.१२५ ÷ ०.५ = ०.२५ लिटर. पुन्हा २५० मिली. म्हणजे ५ ग्रॅम गोळ्या थोड्या पाण्यात विरघळवून, थंड करून, २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरायच्या.

दशांश अपूर्णांकाने भागताना मुलं अडतात आणि कॅल्क्युलेटर शोधतात. प्रयोगशाळेतल्या मोलॅरिट्या बहुतेक ०.१, ०.२, ०.२५, ०.५ अशाच असतात. ०.१ ने भागणं म्हणजे दहापट, ०.२ ने भागणं म्हणजे पाचपट, ०.२५ ने भागणं म्हणजे चौपट, ०.५ ने भागणं म्हणजे दुप्पट. आपल्या आजोबा-पणजोबांच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ करून घेत. पाव आणि निम्मं यांचा हिशोब त्यांना मनात जमायचा. ती पाठांतरं गेली, पण त्यामागची समज या गणिताला आजही पुरते.

मिलीमोलची सोयही आताच पाहून घ्या. प्रत्यक्ष टायट्रेशनमध्ये आपण लिटर आणि मोल वापरतच नाही, मिली आणि मिलीमोल वापरतो. मोलॅरिटीचा आकडा दोन्हीकडे तोच राहतो, कारण ०.१ मोल प्रति लिटर म्हणजेच ०.१ मिलीमोल प्रति मिली. म्हणून मिलीमोलला मोलॅरिटीने भागलं की उत्तर थेट मिलीत मिळतं. २.५ मिलीमोल ÷ ०.१ = २५ मिली. १००० ने गुणणं-भागणं वाचतं आणि शून्यं हरवत नाहीत. मिलीमोलला भागून आलेलं उत्तर लिटरचं समजून पुन्हा १००० ने गुणायचं मात्र नाही.

शेतातला ड्रम

आमच्याकडची अर्धी मुलं केळी-कापसाच्या घरातली. ठिबकच्या व्हेंच्युरीतून (वाहत्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या नळीतून) खत सोडणं त्यांनी लहानपणापासून पाहिलंय, म्हणून मी हे उदाहरण देतो. यातले आकडे हिशोबापुरते धरा, खताची मात्रा माती परीक्षणावरूनच ठरवायची.

१० किलो युरिया विरघळवून २०० लिटरचा ड्रम पूर्ण भरला. ज्याने हे काम केलंय त्याला माहीत असतं की युरिया विरघळताना ड्रम हाताला गार लागतो, कारण युरिया विरघळताना उष्णता शोषतो. १०,००० ग्रॅम ÷ ६०.०६ म्हणजे सुमारे १६६.५ मोल. २०० लिटरने भागले की ०.८३ मोलर. आता एका झाडाला २० ग्रॅम युरिया पोचवायचा असेल तर किती द्रावण द्यायचं? २० ÷ ६०.०६ = ०.३३३ मोल. ०.३३३ ÷ ०.८३३ = ०.४ लिटर. चारशे मिली.

मुलं लगेच म्हणतात, सर, यात मोल कशाला? १० किलोत ५०० झाडं, २०० लिटर भागिले ५००, आलेच की ०.४ लिटर. बरोबर आहे त्यांचं. एकच पदार्थ असेल तोवर किलो-ग्रॅममध्येही भागतं. मोल लागतात ते दोन पदार्थ एकमेकांशी अभिक्रिया करतात तेव्हा. एका रेणूला दुसऱ्याचे दोन रेणू लागतात की पाच, हे वजनावरून कळत नाही, मोजणीवरूनच कळतं.

स्फटिकातलं पाणी

या जागी हुशार मुलंही फसतात, म्हणून इथे थोडं थांबू. बाटलीवर ऑक्झॅलिक आम्ल लिहिलेलं असतं, पण आत असतं ते दोन रेणू पाणी धरून बसलेलं स्फटिकरूप. निर्जल आम्लाचं मोलर वस्तुमान ९०, स्फटिकाचं १२६. आपण तोलतो तो स्फटिक.

६.३ ग्रॅम स्फटिकांपासून ०.१ मोलर द्रावण किती होईल? ६.३ ÷ १२६ = ०.०५ मोल. ०.०५ ÷ ०.१ = ०.५ लिटर. कोणी ९० धरलं तर ०.०७ मोल येतात आणि तो ७०० मिलीपर्यंत पाणी भरून बसतो. बाटलीवर ०.१ मोलर अशी चिठ्ठी लागते, आत असतं ०.०७१. मग त्या द्रावणाने सोडियम हायड्रॉक्साइडची मोलॅरिटी काढली की तीही चुकते, तिने दुसऱ्या आम्लाची काढली की तीही. एका आकड्याची चूक शेल्फवरच्या चार बाटल्यांत पसरते. एका वर्षी आमच्या प्रयोगशाळेत हेच झालं होतं. बॅचमधल्या सगळ्यांची रीडिंग आपसात जुळत होती, त्यामुळे दोन दिवस कोणाला शंकाच आली नाही. रीडिंग आपसात जुळली म्हणून ती खरी असतात असं नाही, हे मुलांना मी तेव्हापासून मुद्दाम सांगतो.

म्हणून बाटलीवरचं मोलर वस्तुमान वाचायची सवय लावा. मोहरच्या क्षारात (फेरस अमोनियम सल्फेट) सहा रेणू पाणी असतं, त्याचं ३९२.१. मोरचुदात (कॉपर सल्फेट) पाच, त्याचं २४९.७. पाण्याची कठिणता मोजायला लागणारं प्रयोगशाळेतलं ईडीटीए बहुधा दोन सोडियम आणि दोन रेणू पाणी असलेलं, त्याचं ३७२.२.

तीव्र आम्लाची बाटली

तीव्र आम्लाच्या बाटलीवर मोलॅरिटी छापलेली नसते. टक्के आणि घनता असते. त्यावरून मोलॅरिटी आधी काढावी लागते.

हायड्रोक्लोरिक आम्ल ३५ टक्के, घनता १.१८ असं धरू. एका लिटरचं वजन ११८० ग्रॅम. त्यातलं ३५ टक्के म्हणजे ४१३ ग्रॅम खरं आम्ल. ४१३ ÷ ३६.५ = ११.३. म्हणजे बाटली ११.३ मोलरची. आता १ मोलरचं ५०० मिली हवं आहे. त्यात मोल किती लागतील? ०.५. हे ०.५ मोल बाटलीतून आणायचे, तेव्हा ०.५ ÷ ११.३ = ०.०४४ लिटर, म्हणजे ४४ मिली. इथे भागाकाराला बाटलीची मोलॅरिटी घ्यायची, करायच्या द्रावणाची नाही. आधी विचारलेलं आकारमान कुठल्या द्रावणाचं ते ठरवा म्हणालो, ते यासाठी. द्रावण सौम्य केलं तरी मोल तेवढेच राहतात, पाणी घातल्याने रेणू वाढत नाहीत आणि घटतही नाहीत.

करताना फ्लास्कमध्ये आधी तीनशेक मिली पाणी घ्या, त्यात आम्ल हळूहळू सोडा. आम्लात पाणी कधीही ओतू नका. सल्फ्युरिक आम्लाच्या बाबतीत तर अजिबात नाही. ९८ टक्क्यांची ती बाटली १८.४ मोलरच्या आसपास असते, आणि तिच्यात पाणी पडलं की उष्णतेने वरचा थर उकळून अंगावर उडतो. चष्मा, हातमोजे आणि उघडी खिडकी, ही तयारी आधी, मग झाकण उघडायचं. आणखी एक गोष्ट आमच्या भागासाठी महत्त्वाची: हायड्रोक्लोरिक आम्लाची उघडलेली बाटली उन्हाळ्यात वायू सोडत राहते, त्यामुळे जुन्या बाटलीची मोलॅरिटी चिठ्ठीवरच्या टक्क्यांपेक्षा कमी झालेली असते. अशा आम्लाचं द्रावण केलं की टायट्रेशनने तपासूनच वापरावं.

अभिक्रिया असेल तेव्हा मधली पायरी

बारावीचं नेहमीचं टायट्रेशन घ्या. पिपेटने १० मिली ०.१ मोलर ऑक्झॅलिक आम्ल, त्यात सौम्य सल्फ्युरिक आम्ल, ६०-७० अंशांपर्यंत गरम करायचं, ब्युरेटमधून पोटॅशियम परमँगनेट. ०.०२ मोलर परमँगनेट किती मिली लागेल?

ऑक्झॅलिक आम्ल: १० × ०.१ = १ मिलीमोल. समीकरण सांगतं की ५ ऑक्झॅलिक आम्लाला २ परमँगनेट लागतात. म्हणून परमँगनेट १ × २ ÷ ५ = ०.४ मिलीमोल. ०.४ ÷ ०.०२ = २० मिली. मधल्या पायरीला ५:२ विसरलात तर उत्तर ५० मिली येतं आणि ब्युरेट शेवटच्या खुणेपर्यंत रिकामं करायची पाळी येते. प्रॅक्टिकलला बसण्याआधी हा अंदाज वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. १८ मिलीपर्यंत भरभर सोडता येतं, पुढे थेंबाथेंबाने. परमँगनेटचा जांभळा रंग गडद असल्यामुळे त्यात खालची कमान दिसत नाही, म्हणून रीडिंग वरच्या कडेवरून घ्यायचं, सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा वरूनच.

क्षारातल्या आयनांनाही हाच न्याय. ०.२ मोलर कॅल्शियम क्लोराइडमधून ०.०६ मोल क्लोराइड आयन हवेत. एका कॅल्शियम क्लोराइडमधून दोन क्लोराइड निघतात, म्हणजे क्षार ०.०३ मोल. ०.०३ ÷ ०.२ = ०.१५ लिटर.

विहिरीच्या पाण्याची कठिणताही याच मार्गाने जाते. गावातल्या भांड्यांवर पांढरा थर चढतो त्याचं मोजमाप हे. ५० मिली पाणी, सामू (pH) स्थिर ठेवणारं अमोनियाचं बफर, रंग बदलून शेवट दाखवणारं एरिओक्रोम ब्लॅक टी, आणि ब्युरेटमध्ये ०.०१ मोलर ईडीटीए. लालसर रंग निळा झाला की थांबायचं. पाण्याची कठिणता कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने ३५० मिलिग्रॅम प्रति लिटर असेल, तर ५० मिलीत १७.५ मिलिग्रॅम. मोलर वस्तुमान १००, म्हणून ०.१७५ मिलीमोल. इथे प्रमाण एकास एक, म्हणून ०.१७५ ÷ ०.०१ = १७.५ मिली. ईडीटीएचा एक मिली म्हणजे कठिणतेचा एक मिलिग्रॅम हा सुटसुटीत हिशोब १०० आणि ०.०१ या दोन आकड्यांमुळे जमतो. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याची कठिणता २०० पर्यंत स्वीकार्य आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

माती परीक्षणातली नॉर्मॅलिटी

बी.एस्सी. करून माती परीक्षण केंद्रात कामाला लागलेली मुलं फोन करतात ते यासाठी. तिथल्या कृतीत मोलर नसतं, नॉर्मल असतं. इथे नॉर्मॅलिटी म्हणजे मोलॅरिटी गुणिले एका रेणूने घेतलेले किंवा दिलेले इलेक्ट्रॉन. काळ्या मातीतला सेंद्रिय कर्ब काढायच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत, जी १९३४ पासून वापरात आहे, १ नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट १० मिली घेतात. कर्बाने वापरून उरलेलं डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेट करतात. आम्लात डायक्रोमेटचा एक रेणू सहा इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून १ नॉर्मल म्हणजे एक षष्ठांश मोलर, ०.१६६७. मोलर वस्तुमान २९४.२, त्याचा सहावा भाग ४९.०३. कृतीत लिटरला ४९.०४ ग्रॅम लिहिलेलं असतं, ते इथून आलं.

आता मातीविना ब्लँक घेतला तर ०.५ मोलर फेरस अमोनियम सल्फेट किती लागेल? डायक्रोमेट १० × ०.१६६७ = १.६६७ मिलीमोल. एकाला सहा फेरस लागतात, म्हणून १० मिलीमोल. १० ÷ ०.५ = २० मिली. हा २० चा आकडा लक्षात ठेवावा असाच आहे. फेरस हवेने हळूहळू फेरिक होतं, त्याची खरी मोलॅरिटी ०.५ वरून उतरते आणि ब्लँक २०.५, २१ असा वर सरकतो. रोजचा ब्लँक पाहून द्रावण किती उतरलंय ते कळतं: २१ मिली लागले तर १० ÷ २१ = ०.४७६ मोलर. रोज ब्लँक न घेता जुनाच आकडा वापरला, तर शेतकऱ्याच्या कागदावर कर्ब चुकीचा छापला जातो आणि तो त्यावरून खत विकत घेतो. त्या अर्ध्या मिलीची काळजी घ्यायलाच हवी.

वैशाखातली मोलॅरिटी

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. मोलॅरिटीत आकारमान येतं, आणि आकारमान तापमानाने बदलतं. फ्लास्कवर बारीक अक्षरांत २० किंवा २७ अंश असं छापलेलं असतं, खूण त्या तापमानाला बरोबर असते. पाण्याची घनता २० अंशांना ०.९९८२ ग्रॅम प्रति मिली, ४२ अंशांना ०.९९१४. जानेवारीत केलेलं ०.१००० मोलर द्रावण मेमधल्या दुपारी प्रसरण पावून ०.०९९३ च्या आसपास येतं. २.५ मिलीमोलसाठी तेव्हा २५.०० ऐवजी २५.१७ मिली लागतात. काचही फुगते, पण ती भर नगण्य. बारावीच्या गुणांसाठी हा फरक सोडून दिला तरी चालेल, पण तपासणीचा अहवाल देणाऱ्याने उन्हाळ्यात प्रमाण द्रावण पुन्हा तपासावं आणि काम सकाळी उरकावं.

हीच गोष्ट फ्लास्क भरतानाही. सोडियम हायड्रॉक्साइड विरघळताना बीकर चांगलाच तापतो. गरम द्रावण खुणेपर्यंत भरलं तर थंड झाल्यावर पातळी खाली जाते आणि मोलॅरिटी जास्त होते. म्हणून बीकरमध्ये निम्म्या पाण्यात विरघळवा, थंड होऊ द्या, फनेलमधून फ्लास्कमध्ये घाला. बीकर आणि फनेल दोन-तीनदा थोड्या पाण्याने विसळून तेही आत घाला, कारण बीकरला चिकटलेलं द्राव्य म्हणजे तोललेले मोल बाहेर राहिले. मानेपर्यंत भरा, शेवटचे थेंब ड्रॉपरने. डोळा खुणेच्या समोर आणा, कमानीचा खालचा भाग खुणेला टेकला की थांबा. खुणेच्या वर गेलं तर ड्रॉपरने काढून घेऊ नका, त्यात मोलही निघून जातात. पुन्हा तोला. मग बूच लावून फ्लास्क दहा-पंधरा वेळा उलटासुलटा करा. न हलवलेल्या फ्लास्कच्या मानेत जवळपास नुसतं पाणी असतं.

सरावाला चार गणितं

ऑल्सनच्या पद्धतीने मातीतला स्फुरद काढायला ०.५ मोलर सोडियम बायकार्बोनेट लागतं. २१ ग्रॅमपासून किती होईल? २१ ÷ ८४ = ०.२५ मोल, ०.२५ ÷ ०.५ = ०.५ लिटर. त्याचा सामू पुढे ८.५ ला आणतात.

०.१ मोलर ऑक्झॅलिक आम्लाचे २० मिली पूर्ण उदासीन करायला ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड किती? आम्ल २ मिलीमोल, त्यात दोन आम्लधर्मी हायड्रोजन, म्हणून अल्कली ४ मिलीमोल. ४ ÷ ०.२ = २० मिली.

बोअरच्या ५० मिली पाण्यात लिटरला ३५५ मिलिग्रॅम या हिशोबाने क्लोराइड आहे. ०.०२ मोलर सिल्व्हर नायट्रेट किती लागेल? १७.७५ मिलिग्रॅम ÷ ३५.५ = ०.५ मिलीमोल. प्रमाण एकास एक. ०.५ ÷ ०.०२ = २५ मिली.

शेवटचं घरच्या शेडमधलं. १ किलो मोरचूद घेऊन तांब्याचं प्रमाण ०.०४ मोलर ठेवायचं, तर मिश्रण किती लिटर होईल? १००० ÷ २४९.७ = ४.००५ मोल. ४.००५ ÷ ०.०४ = १०० लिटर. किलोभर मोरचूद, किलोभर चुना आणि शंभर लिटर, हे बुरशीवर फवारायचं एक टक्का बोर्डो मिश्रण. आणि ते शंभर लिटरही मोरचूद, चुना, पाणी सगळं धरून तयार मिश्रणाचे.